टिशू पेपरचं युनिट टाकण्याआधी कागदातले शोध ओळखा : सांगली-साताऱ्यातल्या नवउद्योजकांसाठी

टिशू पेपरचं युनिट टाकायचं म्हटलं की बहुतेक जण पहिला फोन मशीनवाल्याला करतात. मशीन मिनिटाला किती नॅपकिन काढतं, सबसिडी किती बसते, जंबो रोल, म्हणजे मिलमधून येणारा कागदाचा मोठा रोल, कुठून येतो, एवढ्यावर हिशेब मांडला जातो आणि टोकन दिलं जातं. हा क्रम उलटा करा. आधी कागद शिका, मग मशीन बघा. टिशूच्या प्रत्येक घडीत, प्रत्येक छिद्रात आणि प्रत्येक सुरकुतीत कुणाचा तरी शोध आहे. तो शोध नेमकं काय काम करतो हे कळलं की जंबो रोल विकणाऱ्याला काय विचारायचं, मशीनवर काय तपासायचं आणि हॉटेलवाल्याला काय सांगायचं, हे आपोआप सुचतं. कुपवाड, मिरज, तासवडे किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत शेड शोधणाऱ्यांनी पुढच्या पायऱ्या याच क्रमाने चढाव्यात.

पायरी १ : घरच्या टेबलावर कागद तपासा

हॉटेलातला साधा नॅपकिन, दुपदरी चांगला नॅपकिन, टॉयलेट रोल, स्वयंपाकघरातला टॉवेल रोल आणि डब्यातून ओढून काढायचे चेहऱ्याचे टिशू असे पाच नमुने आणा. सोबत कात्री, पट्टी, पाण्याचा ग्लास आणि सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा एवढंच सामान लागतं.

सुरुवात वजनापासून करा. पदर वेगळे काढून एका पदराचे १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचे दहा तुकडे कापा आणि एकदम तोला. ग्रॅममध्ये आलेल्या आकड्याला १० ने गुणलं की त्या कागदाचा जीएसएम मिळतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. दहा तुकडे १.७ ग्रॅम भरले तर कागद १७ जीएसएमचा. टिशूचा एक पदर साधारण १३ ते २२ जीएसएमच्या दरम्यान असतो. या धंद्यात कच्चा माल किलोवर घेतात आणि पक्का माल नगावर विकतात, त्यामुळे एका जीएसएमचा फरकही थेट नफ्यातोट्यात उतरतो. रोलवरच्या लेबलवर विसंबू नका, प्रत्येक लॉट स्वतः तोला.

आता त्याच कागदाच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी आणि एक आडवी, दोन्ही १० सेंटिमीटर लांबीच्या. दोन्ही टोकं धरून हळूहळू ताणा. एक पट्टी फारशी न ताणता तुटेल, दुसरी ११ ते १२ सेंटिमीटरपर्यंत लांबेल. जी लांबते ती कागद मशीनवर ज्या दिशेने धावला त्या दिशेची पट्टी. हे लांबणं सुरकुत्यांमुळे येतं आणि टिशूचा मऊपणाही बराचसा तिथूनच येतो. खिडकीच्या उजेडात तिरका धरलात तर त्या बारीक आडव्या सुरकुत्या डोळ्यांनाही दिसतात.

तिसरी चाचणी पाण्याची. टॉयलेट पेपर आणि किचन टॉवेल वेगवेगळ्या ग्लासांत टाकून ढवळा. टॉयलेट पेपरचा लगदा झाला पाहिजे, नाहीतर तो ड्रेनेज तुंबवेल. टॉवेल मात्र ओला होऊनही एकसंध राहिला पाहिजे. हा फरक रसायनाचा आहे. साधा कागद ओला झाला की तंतूंमधले बंध सुटतात. लगद्यात ओल्या अवस्थेतही पकड धरणारी रेझिन मिसळली की ते टिकून राहतात. आज सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या त्या रेझिनच्या प्रकाराचं पेटंट अमेरिकेतल्या हर्क्युलिस कंपनीच्या जेराल्ड कीम यांना १९६० साली मिळालं. तुम्हाला ती रेझिन हाताळायची नाही, ती मिलमध्ये मिसळूनच येते. पण रोलची ऑर्डर देताना 'वेट स्ट्रेंथवाला', म्हणजे ओला होऊनही टिकणारा, हवा की नको हे सांगावं लागतं. हा प्रश्न राहून गेला तर हॉटेलवाल्याच्या ग्राहकाच्या ओल्या बोटांना कागदाचे कण चिकटतात आणि दुसरी ऑर्डर येत नाही.

चौथी चाचणी सोपी आहे. नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा दिवा असतो त्याखाली कागद धरा. तो निळसर चमकला तर त्यात पांढरेपणा वाढवणारं चमकद्रव्य आहे. रद्दीपासून बनलेल्या कागदात ते हमखास सापडतं, कारण छपाईच्या आणि लिहिण्याच्या कागदातून ते उतरतं. ताज्या लगद्याचा, काही न मिसळलेला कागद मंद दिसतो. जेवणाच्या टेबलासाठी मी ताज्या लगद्याचाच कागद घ्यायला सांगेन. हात पुसायच्या रोलला रद्दीचा कागद चालतो आणि स्वस्तही पडतो, मात्र तसं स्पष्ट सांगून विका.

पायरी २ : मिलमध्ये काय घडतं ते समजून घ्या

तुम्ही कागद बनवणार नाही, आणलेल्या कागदाचं रूपांतर करणार आहात. धंद्याच्या भाषेत तुम्ही 'कन्व्हर्टर'. तरीही कागद कसा बनतो हे कळल्याशिवाय रोलचे दोष ओळखता येत नाहीत.

लांबलचक अखंड कागद काढणारं यंत्र फ्रान्सच्या लुई-निकोला रोबेर यांनी १७९९ साली पेटंट केलं. त्याआधी कागद एकेक ताव असा हाताने काढत. टिशूसाठी या यंत्राला जोडला गेलेला महत्त्वाचा भाग म्हणजे यांकी सिलिंडर, आत वाफ खेळवलेला गुळगुळीत, अवाढव्य धातूचा ढोल. माणसाच्या उंचीच्या दुपटीहून मोठा व्यास असलेले ढोल असतात. जाळीवर सोडलेल्या लगद्यात ९९ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. जाळीवरून आणि फेल्टवरून, म्हणजे पाणी शोषणाऱ्या जाड कापडी पट्ट्यावरून, पाणी निथळतं, मग दाब देऊन ओला कागद या ढोलावर चिकटवला जातो आणि एका फेऱ्यापेक्षाही कमी वेळात वाळतो. ढोलाच्या दुसऱ्या बाजूला एक पातं टेकलेलं असतं, त्याला डॉक्टर ब्लेड म्हणतात. हे पातं वाळलेला कागद ढोलावरून खरवडून काढतं.

त्या खरवडण्यातच टिशूचं सगळं मर्म आहे. पात्यावर आपटल्यामुळे कागद आकसतो, तंतूंमधले काही बंध तुटतात आणि बारीक सुरकुत्या पडतात. पुढचा गुंडाळणारा रूळ ढोलापेक्षा मुद्दाम कमी वेगाने फिरवतात, म्हणजे सुरकुत्या उलगडत नाहीत. वेगातला हा फरक बहुधा १५ ते २० टक्के ठेवतात. पायरी १ मधली पट्टी १० वरून ११-१२ सेंटिमीटर का झाली, त्याचं उत्तर हे.

डॉक्टर ब्लेड झिजलं की सुरकुत्या जाड आणि ओबडधोबड होतात, मधेच बारीक छिद्रं पडतात. म्हणून जंबो रोलचे पहिले काही मीटर उलगडून उजेडासमोर धरा. बारीक सुया टोचल्यासारखी छिद्रं, लांबट चिरा किंवा एका कडेला दाट आणि दुसऱ्या कडेला विरळ कागद दिसला तर रोल परत करा. असा रोल मशीनवर सारखा तुटतो आणि कामगाराची अर्धी पाळी तो जोडण्यात जाते.

१९६० च्या दशकात यापुढचा एक मोठा शोध लागला. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लॉरेन्स सॅनफर्ड आणि जेम्स सिसन यांनी ओला कागद न दाबता, नक्षीदार कापडावर ठेवून त्याच्या आरपार गरम हवा सोडून वाळवण्याची पद्धत काढली. तिचं अमेरिकी पेटंट १९६७ चं आहे. न दाबल्यामुळे कागद फुगीर राहतो आणि पाणी भरपूर शोषतो. या पद्धतीला ऊर्जा खूप लागते, आपल्या बाजारातला बहुतेक माल साध्या यांकी पद्धतीचाच आहे. एखादा विक्रेता 'परदेशी तंत्राचा फुगीर कागद' म्हणून जादा भाव लावत असेल तर नमुना तोला, पाण्यात बुडवा आणि किती पाणी धरतो ते काट्यावर बघा. नावाला पैसे देऊ नका.

आपल्या भागात एक प्रश्न हमखास येतो : सांगली-साताऱ्यात एवढे साखर कारखाने, मग बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून, इथेच टिशू का बनवू नये? बगॅसपासून कागद होतो, हे खरं. पण बगॅसचे तंतू आखूड असतात, आतला भुसभुशीत गर आधी वेगळा काढावा लागतो आणि लांब तंतूंचा लगदा मिसळल्याशिवाय टिशूला पुरेशी ताकद येत नाही. शिवाय कारखान्यांना बगॅस बॉयलरला आणि वीजनिर्मितीला लागतो. लगद्याची मिल म्हणजे भरपूर पाणी, वाफ, सांडपाण्याची प्रक्रिया आणि कोट्यवधींची गुंतवणूक. नव्या माणसाने त्यात पडू नये. देशात टिशूचा कागद पुण्यात, मध्य प्रदेशातल्या अमलाईला, उत्तराखंडातल्या लालकुआँला बनतो. जंबो रोल तिथून किंवा त्यांच्या व्यापाऱ्यांकडून घ्या.

पायरी ३ : कोणता माल करायचा ते ठरवा

नॅपकिन, रोल आणि ओढून काढायचे टिशू हे तिन्ही वरून सारखे वाटतात, पण तिघांची मशीनं वेगळी आणि तिघांमागचा मूळ शोधही वेगळा.

नॅपकिनचा जीव घडीत आणि नक्षीत आहे. जंबो रोलचा कागद आधी दोन रुळांमधून जातो. एक पोलादी, त्यावर नक्षी कोरलेली. समोरचा रबराचा किंवा लोकरमिश्रित कागदाचा, थोडा मऊ. यालाच एम्बॉसिंग म्हणतात. ही नक्षी शोभेपुरती नसते. उंचवट्यांमुळे कागद जाड भासतो, पदरांमध्ये हवा राहते आणि पाणी धरायला जागा होते. दुपदरी नॅपकिनच्या कडेला बारीक ठिपक्यांची रांग दिसते, ती दातेरी चाकाने दाब देऊन उमटवलेली असते. त्या दाबाने दोन्ही पदर डिंकाशिवाय एकमेकांत धरून राहतात. पुढे पत्र्याच्या त्रिकोणी पाटावरून कागदाची लांबीत घडी पडते, फिरतं पातं तुकडे करतं आणि दुसरी घडी पडून नॅपकिन मोजणीच्या पट्ट्यावर येतो.

रोलचा जीव छिद्रांच्या रांगेत आहे. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ गायेटी यांनी सुटे, औषधी म्हणून विकले जाणारे टॉयलेटचे कागद बाजारात आणले. सुट्या कागदाची गुंडाळी करून त्यावर ओळीने छिद्रं पाडायची आणि तिथे फाडायचं, ही कल्पना ऑल्बनीच्या सेथ व्हीलर यांची. सामान बांधायच्या कागदासाठी त्यांनी १८७१ मध्ये पेटंट घेतलं आणि १८९१ च्या पेटंटात टॉयलेट रोल आला. त्या पेटंटातल्या चित्रात कागद रोलच्या वरून बाहेरच्या बाजूला लोंबतो, म्हणजे रोल कसा टांगावा या घराघरातल्या वादात व्हीलर यांची बाजू नोंदलेली आहे. पुढे १९०७ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्कॉट कंपनीने जाड कागदाचे हात पुसायचे टॉवेल आणले. टॉयलेटसाठी फार जाड निघालेला कागद वाया घालवण्याऐवजी त्यांनी हा उपयोग शोधला, असं सांगतात.

आजच्या मशीनवरचं छिद्रांचं पातं नीट बघा. पूर्ण रुंदीचं सरळ पातं एकदम आदळलं तर धक्का बसतो, आवाज होतो, धार लवकर जाते. म्हणून पात्यांपैकी एक किंचित पिळाच्या रेषेत बसवतात. मग कापणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातं. मशीन घेताना हे जरूर विचारा. छिद्रांमधला न कापलेला भाग फार मोठा असेल तर ग्राहकाच्या हातात कागद वेडावाकडा फाटतो. फार छोटा असेल तर गुंडाळतानाच तुटतो.

तिसरा माल डब्यातून ओढायचा टिशू. याचा इतिहास पहिल्या महायुद्धापाशी जातो. किंबर्ली-क्लार्क कंपनीने कापसाऐवजी जखमांवर वापरायला लाकडाच्या लगद्याची शोषक गादी बनवली होती. युद्ध संपल्यावर त्यातून १९२० मध्ये सॅनिटरी पॅड आणि १९२४ मध्ये क्लीनेक्स आलं. क्लीनेक्स आधी चेहऱ्यावरचं कोल्ड क्रीम पुसायला विकलं जाई. लोक नाक पुसायला वापरतात हे लक्षात आल्यावर कंपनीने जाहिरात बदलली. एक टिशू ओढला की दुसऱ्याचं टोक वर येतं, ही कागद एकमेकांत अडकवण्याची युक्तीही १९२० च्या दशकातलीच. आजच्या मशीनवर दोन रोलचे कागद दोन बाजूंनी घेऊन एकमेकांच्या घडीत बसवतात. घडीचे रूळ आणि हवेचं चूषण यांचा मेळ थोडा जरी चुकला तरी अख्खा गठ्ठा वाया जातो.

माझा सल्ला असा : सुरुवात नॅपकिनने करा. भांडवल कमी, मशीन समजायला सोपं आणि गिऱ्हाईक दाराशी आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरवळपासून पेठनाक्यापर्यंत हॉटेलं आहेत, महाबळेश्वर-पाचगणीला वर्षभर पर्यटक असतात, मिरजेला दवाखाने आणि लॅब आहेत, आणि लग्नसराईत केटरर आहेत. रोलचं मशीन दुसऱ्या टप्प्यात. ओढायचे टिशू सगळ्यात शेवटी, कारण तिथे मोठ्या ब्रँडशी गाठ आहे आणि डब्याची छपाईच बरेच पैसे खाते.

पायरी ४ : मशीन घेताना

मशीन जागेवर जाऊन, तुमचा स्वतःचा रोल लावून, सलग किमान एक तास पूर्ण वेगाने चालवून बघा. विक्रेत्याने तयार ठेवलेल्या रोलवर सगळीच मशीनं छान चालतात. त्या तासात कागद किती वेळा तुटला, शंभराच्या गठ्ठ्यात खरोखर शंभर नॅपकिन आले का, पहिल्या आणि शेवटच्या गठ्ठ्याची घडी सारखी आहे का, हे स्वतः लिहून घ्या.

रोल उलगडणाऱ्या बाजूचा ब्रेक खास बघा. ताण जास्त झाला की मिलने मेहनतीने घातलेली सुरकुती तुमच्या मशीनवरच उघडते. नॅपकिन कडक होतो, आणि मीटरवर माल जास्त निघाल्यासारखा वाटला तरी ग्राहकाला फरक हातात जाणवतो. ताण कमी झाला की कागद सैल पडतो आणि घडी तिरकी जाते.

आपल्या भागाचा एक मोठा फायदा इथे आहे. कुपवाड-मिरजेच्या आणि साताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर, टर्नर, ग्राइंडर मुबलक आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये पलूसजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर बनले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं तयार झाली. ते हात आणि ती सवय अजून इथे आहे. म्हणून मशीन घेतानाच पात्यांची, बेअरिंगची आणि घडीच्या पाट्यांची मापं लिहून घ्या, शक्य तर ड्रॉइंग मागा. बंद पडलेलं मशीन परगावच्या मेकॅनिकची वाट बघत आठवडाभर उभं राहणं नव्या युनिटला परवडत नाही. गावातला टर्नर दुसऱ्या दिवशी पातं घडवून देतो.

इटलीत टस्कनीमधलं लुक्का हे गाव जगभर टिशूच्या यंत्रांसाठी ओळखलं जातं. तिथल्या फाबिओ पेरिनी यांनी १९६६ मध्ये कंपनी काढली. न थांबता एकामागून एक रोल गुंडाळणारी यंत्रं त्यांच्याकडून जगभर गेली. कागदाच्या मिल आणि यंत्र बनवणारे शेजारी असले की दोघांच्या अडचणी एकमेकांना कळतात आणि त्यातून सुधारणा निघतात. कुपवाडमधला टर्नर आणि तुम्ही यांच्यातही तेच घडू शकतं, फक्त अडचण तोंडी न सांगता त्याला मशीनपाशी उभं करून दाखवा.

सुरक्षेबद्दल दोन गोष्टी ठाम सांगतो. रोलचे तुकडे करणाऱ्या करवतीला झाकण नसेल तर ते मशीन घेऊ नका, स्वस्तात मिळालं तरीही नको. आणि टिशू कापताना उडणारी धूळ पेट घेते. मोटारीवर, ट्यूबलाइटवर, छताच्या कैच्यांवर ती साचू देऊ नका, रोज साफ करा, धूळ ओढणारा पंखा बसवा आणि शेडमध्ये विडी-सिगारेट बंद म्हणजे बंद.

पायरी ५ : शेड आणि हवामान

टिशू हवेतली ओल पटकन घेतो आणि तितक्याच पटकन सोडतो. याचा त्रास आपल्याकडे दोन टोकांना होतो. पावसाळ्यात जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे कागद सैल पडतो, सुरकुती सपाट होते, नक्षी उठत नाही. उलट माण, खटाव, आटपाडी, जतच्या कोरड्या उन्हाळ्यात कागदावर स्थिर वीज साचते, नॅपकिन घडीच्या पाट्याला आणि एकमेकांना चिकटतात. कोरड्या भागासाठी मशीनच्या सांगाड्याला नीट अर्थिंग द्या आणि कागद जातो तिथे स्थिर वीज उतरवणारी पट्टी बसवा. जमिनीवर पाणी मारून हवा थोडी दमट ठेवणं हा जुना उपायही चालतो, पण वायरिंगपासून लांब. ओल्या भागासाठी रोलचं मूळ प्लॅस्टिक आवरण वापराच्या दिवसापर्यंत काढू नका आणि उघडलेला रोल रात्री झाकून ठेवा.

सांगलीत शेड घेणाऱ्याने एक प्रश्न आधी विचारावा : २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथे पाणी कुठवर आलं होतं? आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात आणि त्यापुढे पाणी चढू लागलं की सखल भागातल्या गोदामातून माल हलवायला फार वेळ मिळत नाही. पाण्यात बुडालेल्या टिशूच्या जंबो रोलचा कशालाही उपयोग होत नाही. रोल लाकडी पॅलेटवर, उभे ठेवा. आडवे ठेवले तर स्वतःच्या वजनाने लंबगोल होतात आणि मशीनवर हिसके देत फिरतात. विमा घेताना त्यात पूर येतो का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

पायरी ६ : हिशेब आणि कागदपत्रं

३० बाय ३० सेंटिमीटरचा एकपदरी नॅपकिन म्हणजे ०.०९ चौरस मीटर. १७ जीएसएमच्या कागदात त्याचं वजन १.५३ ग्रॅम. म्हणजे एका किलोत सुमारे ६५० नॅपकिन, ५ टक्के घट धरली तर ६२० च्या आसपास. या आकड्याने किलोचा भाव भागा, मग वीज, मजुरी, पिशवी, खोका, वाहतूक आणि कर्जाचा हप्ता मिळवा. १८ जीएसएमचा रोल आला तर हाच आकडा ५९० च्या खाली जातो. तक्ता भिंतीवर लावा आणि प्रत्येक लॉटला नव्याने भरा.

नोंदणीत उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, आणि जीएसटी आधी. जीएसटीत जंबो रोल ४८०३ या शीर्षकाखाली आणि तयार नॅपकिन-रोल ४८१८ खाली येतात. दर सीएकडून खात्री करून घ्या. कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची आणि राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती मिळते. केंद्राच्या योजनेत उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. अनुदान सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के, तर विशेष गटाला अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, माजी सैनिक हे विशेष गटात येतात. अनुदान गृहीत धरून मशीनचा सौदा करू नका, आधी मंजुरी, मग ऑर्डर. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, नग आणि माप, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं वैधमापन नियमांनुसार सक्तीचं आहे.

पायरी ७ : दुसऱ्याचा शोध वापरताना आणि स्वतःचा जपताना

वर आलेले बहुतेक शोध आज कुणीही वापरू शकतो. भारतात पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं, आणि अमेरिकेत घेतलेलं पेटंट तेवढ्यावर इथे लागू होत नाही. म्हणजे व्हीलर यांची छिद्रं असोत की साधं एम्बॉसिंग, कुणाला पैसे देण्याचा प्रश्न नाही. पण नक्षीबाबत जपून राहा. डिझाइन कायदा २००० खाली नक्षीची नोंदणी होते आणि ती १० वर्षं, वाढवून १५ वर्षं टिकते. मोठ्या ब्रँडची नक्षी हुबेहूब कोरून रूळ बनवायला टाकू नका. स्वतःची नक्षी काढा. पैठणीतला मोर, वारली रेघा, हॉटेलचं चिन्ह, काहीही. आणि ती नवी असेल तर बाजारात आणण्याआधी नोंदवा.

मशीनवर काम करताना तुम्हाला किंवा तुमच्या फिटरला काहीतरी सुचणारच. कोरड्या हवेत नॅपकिन चिकटू नये म्हणून घडीच्या पाट्याला केलेला बदल, रोल संपत आल्यावर आपोआप ब्रेक सैल करणारी जोडणी, धूळ पात्यापाशीच ओढून घेणारं तोंड. यातल्या कशालाही कमी लेखू नका. टिशूच्या इतिहासातले बरेच शोध असेच, एका अडलेल्या कामातून निघाले आहेत. पेटंट मिळायला तीन गोष्टी लागतात : कल्पना जगात नवी हवी, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज न सुचणारी हवी आणि उद्योगात वापरता येणारी हवी. माहीत असलेली दोन उपकरणं नुसती शेजारी बसवली आणि प्रत्येक आपापलंच काम करत राहिलं तर कायद्याच्या कलम ३ नुसार तो शोध ठरत नाही. दोन्ही एकत्र आल्याने काहीतरी वेगळा परिणाम घडला पाहिजे आणि तो तुम्हाला आकड्यांत दाखवता आला पाहिजे. म्हणून बदलाआधीची आणि बदलानंतरची तुटण्याची संख्या, वेग, घट यांची नोंद तारखेसह वहीत ठेवा.

मग पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घ्या. घडी, छिद्र, गुंडाळणं, नक्षी अशा शब्दांचे इंग्रजी प्रतिशब्द घालून जुनी पेटंटं वाचा. ती वाचताना स्वतःच्या मशीनबद्दलही इतकं शिकायला मिळतं की शोध नवा न निघाला तरी वेळ वाया जात नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या किंवा साताऱ्यातल्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना, विद्यार्थ्यांना ड्रॉइंग काढायला सोबत घेता येईल. मात्र कुणालाही दाखवण्याआधी गुप्ततेचा साधा करार लिहून घ्या. प्रदर्शनात मांडून, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर किंवा यूट्यूबवर व्हिडिओ टाकून मग अर्ज करायला गेलात तर नवेपणच संपतं.

महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात आणि ऑनलाइन भरता येतात. कल्पना ठरली पण चाचण्या बाकी असतील तर तात्पुरता अर्ज करा. तारीख मिळते आणि पूर्ण वर्णन द्यायला १२ महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना शुल्कात मोठी सवलत आहे, अर्जाचं ऑनलाइन शुल्क सध्या १,६०० रुपयांपासून आहे. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तपासणी मात्र आपोआप होत नाही, ती वेगळी मागावी लागते, आणि २०२४ च्या नियमबदलानंतर त्याची मुदत ३१ महिन्यांवर आली आहे. ही तारीख हुकली तर अर्ज मागे घेतला असं धरतात, तेव्हा ती जीएसटीच्या तारखांशेजारीच लिहून ठेवा. शोध फिटरने लावला असेल तर अर्जात शोधक म्हणून त्याचंच नाव घाला, आणि युनिटच्या नावाने अर्ज करायचा असेल तर त्याच्याकडून हक्क-हस्तांतरणाचा लेखी कागद आणि त्याला मिळायचा मोबदला आधी ठरवून घ्या.